जागेपणी रचलेलं स्वप्न: जोसेफ कॉर्नेलच्या पेट्या

एक लहानशी लाकडी पेटी. झाकण उघडलं की आत मखमल, झाकणाला लावलेली खोट्या हिऱ्यांची माळ आणि खाली ओळीने बसवलेले काचेचे चौकोनी तुकडे, अगदी बर्फासारखे. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या मजकुरात एक गोष्ट आहे. १८३५ च्या हिवाळ्यात, एका चांदण्या रात्री, मारी तालिओनी या विख्यात बॅले नर्तिकेची गाडी रशियात एका दरोडेखोराने अडवली. बर्फावर बिबट्याचं कातडं अंथरलं गेलं आणि त्यावर तिला त्या एकट्या प्रेक्षकासाठी नाचावं लागलं. या रात्रीची आठवण टिकावी म्हणून तालिओनी पुढे आपल्या दागिन्यांमध्ये कृत्रिम बर्फाचा एक तुकडा ठेवू लागली, अशी दंतकथा.

'तालिओनीची दागिन्यांची पेटी' हे या कलाकृतीचं नाव. जोसेफ कॉर्नेलने ती १९४० साली केली आणि आज ती न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. हिरे खोटे, बर्फ काचेचा, गोष्टही ऐकीव. तरी पाहणाऱ्याच्या बोटांना गारवा लागतो. काच वितळणार नाही हे ठाऊक असून 'आता वितळेल, त्याआधी पाहून घेऊ' अशी घाई मनात उठते. एका रात्रीपुरता घडलेला नाच आणि क्षणभर टिकणारा बर्फ या दोन्हींना या माणसाने बाजारातल्या चिल्लर वस्तूंनी कायमचं धरून ठेवलं आहे.

वापरातल्या, बाजारात सहज मिळणाऱ्या किंवा टाकून दिलेल्या वस्तू एकत्र मांडून केलेल्या कलाकृतीला असेंब्लाज म्हणतात. त्यातली काचेच्या दर्शनी बाजूची पेटी हा कॉर्नेलचा खास प्रांत. त्याच्या पेट्यांबद्दल बोलताना 'स्वप्नवत' हा शब्द जवळजवळ प्रत्येकजण वापरतो. पाहणाऱ्याच्या बाजूने ते खरंच आहे. पण स्वप्न आपोआप पडतं आणि या पेट्यांमध्ये आपोआप झालेलं काहीही नाही. कुठली गोष्ट जपायची, ती कशाशेजारी ठेवायची, किती जागा मोकळी सोडायची हे सगळं अतिशय जागं राहून, कधीकधी वर्षानुवर्षं थांबून ठरवलेलं आहे. त्या जागेपणाबद्दल मला लिहायचं आहे, कारण पेट्यांचं खरं काव्य मला तिथे सापडतं.

कॉर्नेलचा जन्म २४ डिसेंबर १९०३ चा, न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला हडसन नदीकाठी असलेल्या नायॅक या गावचा. चार भावंडांत तो थोरला. धाकटा रॉबर्ट १९१० साली जन्मला. त्याला सेरेब्रल पाल्सी होती आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या आधाराने राहावं लागलं. १९१७ मध्ये वडील वारले आणि बऱ्यापैकी चाललेलं घर एकदम अडचणीत आलं. जोसेफ बोर्डिंग शाळेत शिकला, पण शेवटचा दाखला न घेताच १९२१ मध्ये परतला आणि लोकरी कापडाच्या एका कंपनीत विक्रेत्याच्या नोकरीला लागला. कापडाचे नमुने घेऊन मॅनहॅटनच्या रस्त्यांवर फिरायचं, गिऱ्हाईक गाठायचं, बोलायचं. अत्यंत लाजऱ्या माणसाच्या वाट्याला आलेलं हे काम त्याने दहा वर्षं केलं. महामंदीत, १९३१ च्या सुमारास, तेही सुटलं. मधल्या काळात १९२९ मध्ये आई, रॉबर्ट आणि तो क्वीन्स भागातल्या युटोपिया पार्कवे नावाच्या रस्त्यावर एका साध्या लाकडी घरात राहायला आले होते. घर क्रमांक ३७-०८. पुढची सगळी वर्षं त्याने तिथेच काढली. लग्न केलं नाही. परदेश पाहिला नाही. पॅरिसचे रस्ते, हॉटेलं, नाट्यगृहं त्याला पुस्तकांतून पाठ होती, पण पॅरिसला तो कधी गेला नाही.

चित्रकलेचं शिक्षणही त्याने घेतलं नव्हतं. त्याची शाळा म्हणजे मॅनहॅटनमधली पायपीट. फोर्थ अव्हेन्यूवर तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांची लांबलचक रांग होती. जेवणाच्या सुट्टीत आणि दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तो तिथे शिरायचा. एकोणिसाव्या शतकातली कोरीव छापचित्रं, ताऱ्यांचे नकाशे, जुनी प्रवासमार्गदर्शकं, नर्तिकांच्या तसबिरी, चित्रपटांची स्थिरचित्रं, ग्रामोफोनच्या तबकड्या असं काय काय तो घरी घेऊन यायचा. स्वस्त वस्तूंच्या दुकानांतून काचेचे पेले, गोट्या, खेळणी, मातीचे पाइप. समुद्रकिनाऱ्यावरून शिंपले आणि पाण्याने झिजलेली लाकडं. यातल्या बहुतेक गोष्टी अगदी थोड्या पैशांत मिळत. आणताना त्यांचं काय करायचं हे त्याला माहीत असायचंच असं नाही.

१९३१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ज्युलियन लेव्हीची गॅलरी उघडली आणि तिथे कॉर्नेलच्या पाहण्यात माक्स अर्न्स्टची कोलाज आली. जुनी छापचित्रं कापून, भलत्याच गोष्टी एकमेकींना जोडून अर्न्स्टने ती केली होती. आपण जे जमवतो आहोत त्याचं असंही काही करता येतं हे कॉर्नेलला तिथे कळलं असावं. घरी त्याने स्वतः तशी कोलाज केली आणि लेव्हीला नेऊन दाखवली. जानेवारी १९३२ मध्ये लेव्हीने भरवलेल्या सररिअलिझमच्या प्रदर्शनात दाली, अर्न्स्ट वगैरेंच्या सोबत या कापडविक्याचीही कामं होती. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचं स्वतंत्र प्रदर्शनही झालं.

म्हणून त्याला सररिअलिस्ट म्हणायची पद्धत पडली. त्याला स्वतःला ते पटत नव्हतं. १९३६ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या आल्फ्रेड बारने 'फँटास्टिक आर्ट, दादा, सररिअलिझम' हे मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कॉर्नेलने बारला पत्र लिहून कळवलं, की सररिअलिस्टांचे सुप्त मनाबद्दलचे आणि स्वप्नांबद्दलचे सिद्धांत मला मान्य नाहीत. हे पत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. सररिअलिस्टांना मनाच्या तळघरात दडलेलं काहीतरी दार फोडून बाहेर काढायचं होतं, त्यासाठी धक्का द्यायचा होता. कॉर्नेलला कुणालाही धक्का द्यायचा नव्हता. विशीतच तो ख्रिश्चन सायन्स या पंथाकडे वळला होता आणि शेवटपर्यंत त्यात राहिला. जड वस्तू हे अंतिम सत्य नव्हे, असं मानणारा हा पंथ. मोडक्या घड्याळाच्या स्प्रिंगकडे, पाच पैशांच्या गोटीकडे तो ज्या आदराने पाही, त्यामागे या श्रद्धेचा हात असणार.

घरातलं काम कसं चालायचं ते पाहण्यासारखं आहे. आधी स्वयंपाकघराच्या टेबलावर, रात्री आई आणि रॉबर्ट झोपल्यावर. पुढे तळघरात. तिथे फळ्यांवर खोके रचलेले आणि प्रत्येकावर आत काय आहे त्याची चिठ्ठी: घुबडांची कात्रणं, मातीचे पाइप, घड्याळाचे भाग, शिंपले. याशिवाय फायली. एखादी नर्तिका, एखादी नटी, एखादा विषय मनात बसला की त्या नावाने तो फाइल उघडायचा आणि मिळेल तो कागद तिच्यात टाकत राहायचा. काही फायली कित्येक वर्षं भरत राहिल्या. कचेरीतल्या कारकुनाला शोभेल अशी ही शिस्त होती. पेटीत अखेर पाच-सहा वस्तू बसत, पण त्या निवडण्यासाठी हाताशी शेकडो लागत.

सुतारकाम तो एका शेजाऱ्याकडून शिकला. आधी जुन्या तयार डब्या-पेट्या वापरायचा. मग स्वतः फळ्या कापून, कोपरे नीट जुळवून पेट्या करू लागला. नवी पेटी नवी दिसू नये यासाठीची त्याची खटपट विलक्षण होती. रंगाचे हातावर हात द्यायचे, मग ती स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये तापवायची म्हणजे रंगाला तडे जातात. कधी मागच्या अंगणात उन्हापावसात ठेवून द्यायची. आतल्या भिंतींना जुन्या पुस्तकांची, बऱ्याचदा फ्रेंच पुस्तकांची, पिवळी पानं चिकटवायची. पेटी कुणाच्या तरी माळ्यावर पन्नास वर्षं पडून होती आणि आत्ताच खाली काढली, असं वाटावं. ही फसवणूक नव्हती. पाहणाऱ्याने पेटीसमोर उभं राहिल्याबरोबर आपला आजचा दिवस मागे सोडावा, एवढंच त्याला हवं होतं आणि त्यासाठी तो रंग भाजत होता.

आता पेटीच्या आत. बारच्या १९३६ च्या त्या प्रदर्शनात कॉर्नेलची जी पेटी होती तिचं नाव 'सोप बबल सेट', म्हणजे साबणाचे फुगे उडवायचा संच. मागे चंद्राचा जुना फ्रेंच नकाशा. पुढे कप्प्यांत मातीचा पांढरा पाइप, छोट्या पेल्यात एक अंडं, बाहुलीचं डोकं. वर टांगलेले दंडगोल. लहान मूल अशा पाइपने साबणाचे फुगे उडवतं. फुगा प्रत्यक्षात कुठेच नाही. पण पाइपच्या वर चंद्राचा भला मोठा गोळा आहे आणि पाहता पाहता तो पाइपमधून सुटलेला फुगा होतो. अंडं गोल, बाहुलीचं डोकं गोल, चंद्र गोल. एकदा हे नातं डोळ्यांना कळलं की खगोलशास्त्र आणि पोरखेळ यांच्यातली भिंत पडते. चंद्र मोजणारा शास्त्रज्ञ आणि फुगा उडवणारं पोर दोघं एकाच गोष्टीकडे, एका चमकत्या, हाती न येणाऱ्या गोळ्याकडे, मान वर करून पाहत आहेत. कुठेही शब्दांत न सांगता ही उपमा तयार झाली आहे. काही अभ्यासक या वस्तूंमध्ये कॉर्नेलचं कुटुंब पाहतात: अंडं म्हणजे आई, दंडगोल म्हणजे चार भावंडं. तसंही पाहता येईल, पण ते माहीत नसलं तरी पेटीचं काही अडत नाही.

आकारांचा हिशेब इथे पार उलटापालटा असतो. गोटी ग्रहाएवढी, चंद्र पेल्याएवढा. आपल्याकडे पोरं दिवाळीत किल्ला करतात, तेव्हा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि वाघ तोफेवर बसतो, पण कुणालाही ते खटकत नाही, कारण किल्ल्याच्या हद्दीत शिरल्यावर मोजमाप बदललेलं असतं. कॉर्नेलच्या लाकडी चौकटीत नेमकं हेच होतं. चौकट म्हणजे हद्द. तिच्या बाहेर गोटी गोटीच आहे. आत आली की तिला फिरायला आकाश मिळतं. म्हणूनच त्याला पेटी लागायची. याच वस्तू टेबलावर मोकळ्या ठेवल्या असत्या तर तो नुसता पसारा झाला असता.

पुढची काच तेवढीच महत्त्वाची. काच वस्तूला दाखवते आणि हातापासून तोडते. दुकानाच्या काचेला नाक लावून उभं राहिलेल्या पोराला जे वाटतं ते कॉर्नेलला आयुष्यभर वाटत राहिलं असावं. ज्या नर्तिका आणि नट्यांवर त्याने जीव लावला त्यांच्यापैकी बहुतेक एक तर शंभर वर्षांपूर्वीच्या होत्या, नाहीतर पडद्यावरच्या.

नट्यांवरून आठवण होते ती लॉरेन बकॉलवरच्या पेटीची, १९४५-४६ ची. बकॉलचा पहिला चित्रपट १९४४ मध्ये आला होता. निळ्या रंगाच्या या पेटीत मधोमध तिचा चेहरा, भोवती लहान खिडक्यांमध्ये तिची बालपणीची छायाचित्रं आणि मॅनहॅटनच्या गगनचुंबी इमारती. वरच्या दारातून लाकडी चेंडू सोडला की तो काचेच्या उतारांवरून गडगडत, खिडक्यांआडून दिसत-लपत खाली येतो. त्या काळी करमणुकीच्या दालनांत एक सेंट टाकून चालवायची खेळयंत्रं असत. त्यावरून ही सुचली. बकॉलचा चेहरा जागचा हलत नाही. पण चेंडू त्याच्यामागून जाताना क्षणभर वाटतं, की तिच्या मनातून काहीतरी सरकून गेलं. पडद्यावरची झगमगती बाई आणि अंगणातली मुलगी यांच्या मधलं सगळं अंतर तो चेंडू काही सेकंदांत पार करतो. सिनेमाच्या जाहिरात-खात्याने बकॉलला एक गूढ, अनुभवी स्त्री म्हणून विकलं होतं. कॉर्नेलने तिला तिचं वय परत दिलं. माझ्या मते हे चाहत्याचं नव्हे, चरित्रकाराचं काम आहे. याच्या थोडी आधीची, १९४२ ची 'मेदिची स्लॉट मशीन' ही पेटी याच जातीची. तिथे सोफोनिस्बा अँग्विसोला या सोळाव्या शतकातल्या चित्रकर्तीने रंगवलेला एक इटालियन मुलगा अशाच नाणं-यंत्राच्या चौकटीत उभा आहे.

सिनेमा हे त्याचं दुसरं तळघर होतं. १९३१ च्या 'ईस्ट ऑफ बोर्निओ' या सामान्य साहसपटाची रिळं त्याने कापली, कथानक काढून टाकलं आणि रोझ होबार्ट या नायिकेचे बघण्याचे, वळण्याचे, थांबण्याचे क्षण तेवढे जोडून एकोणीसेक मिनिटांचा चित्रपट केला. तो निळ्या काचेतून आणि कमी वेगाने दाखवायचा, सोबत ब्राझिलियन संगीताची तबकडी. १९३६ मध्ये लेव्हीच्या गॅलरीत तो दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांत साल्वादोर दाली होता. तो संतापून उठला आणि त्याने प्रोजेक्टर पाडला. ही कल्पना माझ्या मनात होती, याने ती चोरली, असं त्याचं म्हणणं. कॉर्नेल इतका हादरला, की पुढे त्याने आपले चित्रपट लोकांसमोर क्वचितच आणले. दुसऱ्याच्या चित्रपटातले तुकडे घेऊन नवं काही रचण्याची जी पद्धत आज सर्वत्र दिसते, तिच्या आरंभीच्या कामांत 'रोझ होबार्ट'चं नाव घ्यावंच लागतं.

कॉर्नेलबद्दलचा एक आक्षेप मला मान्य आहे. त्याच्या काही पेट्या गोड आहेत, नुसत्याच गोड. पऱ्या, बर्फाचे कण, बॅलेचे झगे, चमकी. भक्ती जिथे फार होते तिथे त्याचा हात सैल पडतो. पण हाच माणूस १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, 'हॅबिटॅट ग्रुप फॉर अ शूटिंग गॅलरी' ही पेटी करतो. छापचित्रांतून कापलेले रंगीत पोपट आणि काकाकुवा, त्यांच्यावर नेमबाजीच्या खेळातल्यासारखे आकडे. समोरच्या काचेला गोळी लागल्यासारखं भोक आणि भोवती तडे. मागच्या पांढऱ्या भिंतीवर लाल, पिवळे, निळे शिंतोडे, तळाशी पिसं. एरवी ज्या काचेवर त्याचा सगळा भरवसा होता ती इथे त्याने स्वतः फोडली आहे. रक्ताचा रंग आणि पोपटाच्या पंखांचा रंग यात फरक करता येत नाही. युद्धावर त्या काळात झालेल्या कितीतरी प्रचंड चित्रांपेक्षा ही हातभर पेटी मला अधिक हलवते.

पक्ष्यांकडे तो परत परत आला. १९४९ च्या डिसेंबरात चार्ल्स ईगनच्या गॅलरीत त्याच्या 'एव्हिअरी' मालिकेचं, म्हणजे पक्षिघरांचं, प्रदर्शन झालं. या पेट्यांमध्ये मखमल नाही, चमकी नाही. चुन्यासारखी पांढरी भिंत, झिजलेलं लाकूड, एखादी डहाळी, ड्रॉवर, घड्याळाची स्प्रिंग. पुढे तर पक्षीही उडून गेले. १९५३ ची 'टूवर्ड द ब्लू पेनिन्सुला' ही पेटी एमिली डिकिन्सनसाठी आहे. ही कवयित्री आपल्या घराबाहेर क्वचितच पडत असे. पेटीचं नाव तिच्याच कवितेतून घेतलेलं. आत पांढऱ्या भिंती, तारेची जाळी, रिकामी दांडी आणि मागच्या भिंतीत एक चौकोन, ज्यातून फक्त निळं आकाश दिसतं. पिंजरा आहे, पक्षी नाही. निघून गेला, की कधी नव्हताच, याचं उत्तर पेटी देत नाही. मला ही त्याची सर्वांत मोठी कविता वाटते, आणि त्याने केलेलं सर्वांत मोठं काम इथे वस्तू काढून टाकण्याचं आहे. तळघरात हजारो वस्तू असलेल्या माणसाने एवढं रिकामं ठेवणं सोपं नव्हतं.

मार्सेल द्युशाँशी त्याची मैत्री होती. द्युशाँने आपल्या कलाकृतींच्या लहान प्रतिकृती एका बॅगेत भरून जी मालिका केली, तिच्या प्रती जुळवण्याच्या कामात १९४० च्या दशकात कॉर्नेलने मदत केली. दोघंही तयार वस्तू वापरत, पण दोघांची वाट वेगळी. द्युशाँने १९१७ मध्ये मुतारीचं भांडं प्रदर्शनासाठी पाठवलं. सौंदर्याशी काही देणं-घेणं नसलेली वस्तू मुद्दाम निवडायची आणि कला कशाला म्हणायचं हा प्रश्न लोकांपुढे टाकायचा, ही त्याची रीत. कॉर्नेलने जिच्याबद्दल काहीच वाटत नाही अशी एकही वस्तू पेटीत ठेवली नाही. तरी द्युशाँकडे कॉर्नेलची 'फार्मसी' ही पेटी होती: औषधांच्या कपाटासारखी, ओळीने लावलेल्या काचेच्या बाटल्यांत औषधाऐवजी वाळू, पंख, शिंपले, रंगीत कागद. आणि कॉर्नेलच्या मृत्यूनंतर त्याच्या घरात एक खोका सापडला, ज्यात त्याने द्युशाँच्या चिठ्ठ्या आणि मागे राहिलेले बारीकसारीक कागद गुपचूप जपून ठेवले होते. तो आता फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे.

पेटीचा हा प्रकार कॉर्नेलच्या हळव्या जगातच अडकून पडला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेनामध्ये त्याचं प्रदर्शन भरलं आणि ते पाहून बेटी सार या कृष्णवर्णीय कलावतीच्या कामाची दिशा बदलली. ती पेट्या करू लागली. १९७२ च्या तिच्या 'द लिबरेशन ऑफ आंट जेमायमा' या छोट्या पेटीत स्वयंपाकीणबाईची एक हसरी बाहुली आहे. कृष्णवर्णीय बायकांची टर उडवणाऱ्या अशा वस्तू अमेरिकेत घरोघर असत. सारने तिच्या एका हातात झाडू ठेवला आणि दुसऱ्या हातात बंदूक दिली. कॉर्नेलने अशी पेटी कधीच केली नसती. पण टाकाऊ वस्तूला चौकटीत बसवलं की ती साक्ष देऊ लागते, हे कसब त्याच्याकडूनच आलेलं. आपल्या मुंबईच्या अतुल दोडिया यांनी २००२ च्या सुमारास 'ब्रोकन ब्रँचेस' या मालिकेत लाकडी काचकपाटं केली. पोरबंदरमध्ये गांधीजींच्या जन्मस्थानी असलेल्या संग्रहालयातल्या कपाटांवरून ती सुचली. त्यांत हाडं, कृत्रिम अवयव, हत्यारं आणि चौकटीत बसवलेली छायाचित्रं आहेत. इथे काचेच्या आत हिंसा जपून ठेवली आहे आणि पाहणाऱ्याला तिच्यासमोर, संग्रहालयात उभं राहतात तसंच, गुपचूप उभं राहावं लागतं.

रॉबर्ट १९६५ मध्ये गेला. तो अंथरुणातून, खुर्चीतून चित्रं काढायचा, उंदरांची आणि प्राण्यांची, आणि खेळण्यातल्या आगगाड्यांचा शौकीन होता. पुढच्या वर्षी जानेवारीत कॉर्नेलने न्यू यॉर्कच्या एका गॅलरीत रॉबर्टच्या स्मरणार्थ प्रदर्शन भरवलं: रॉबर्टची रेखाटनं आणि सोबत त्यांच्यावरून स्वतः केलेली कोलाज. त्याच वर्षी आईही गेली. १९६७ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा तो घरात एकटा उरला होता. पेट्या विकायला त्याचा जीव होत नसे. ओळखीच्यांना, मुलांना मात्र तो त्या खेळायला देई. पेटी हलवायची, वाळू सरकवायची, ड्रॉवर ओढायचा, चेंडू सोडायचा, यासाठीच त्याने त्या केल्या होत्या. संग्रहालयात गेल्यावर हे सगळं थांबलं, आणि थांबवणं भागच होतं. सत्तर-ऐंशी वर्षांचा डिंक, ताणलेली स्प्रिंग आणि ठिसूळ कागद यांना रोज हलवलं तर काही वर्षांत काहीच उरणार नाही. पण त्यामुळे वाळूच्या पेट्या आपण अर्ध्याच पाहतो, हे ध्यानात ठेवायला हवं. त्याच्या बहिणीने आणि तिच्या नवऱ्याने घरातले कागद, फायली आणि न वापरलेल्या वस्तू स्मिथसोनियनच्या अमेरिकन आर्ट म्युझियमला दिल्या, आणि १९७८ मध्ये वॉशिंग्टनला कॉर्नेल अभ्यासकेंद्र सुरू झालं. चिठ्ठ्या लावलेले त्याचे खोके आज तिथे आहेत.

१९७२ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कच्या कूपर युनियनमध्ये खास मुलांसाठी त्याच्या पेट्यांचं प्रदर्शन भरलं. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावल्या होत्या आणि उद्घाटनाला ब्राउनी आणि थंड पेय होतं. त्याच वर्षी २९ डिसेंबरला, एकोणसत्तरावा वाढदिवस होऊन पाच दिवसांनी, तो गेला. मुलांकडे म्हणून अमेरिकेला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना न्यू यॉर्क किंवा शिकागोला या पेट्या सहज पाहता येतात. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये तर त्यांचा मोठा संग्रह आहे. पेट्या आता मोठ्यांच्या उंचीला लावलेल्या असतात. समोरून पाहून पुढे सरकू नका. गुडघ्यात वाका, डावीकडून आणि उजवीकडून काचेत तिरपं पाहा, कारण बाजूच्या भिंतींवर, समोरून दिसत नाही अशा ठिकाणीही त्याने कागद आणि नकाशे चिकटवलेले आहेत.